जर्नल निवडताना: क्लिनिकल इम्युनॉलॉजीत थिसिस किंवा पेपर करणाऱ्यांसाठी माहितीपत्रक

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं छोटं ऑफिस आहे. साहित्यशोध, मास्टर चार्टवरचं (सगळ्या पेशंटांच्या नोंदींच्या तक्त्यावरचं) स्टॅट्स, इंग्रजी मजकुराची दुरुस्ती, संदर्भांची मांडणी आणि शेवटी छपाई-बायंडिंग ही आमची कामं. येणाऱ्यांत कोल्हापूर, सांगली, मिरजेचे रेसिडेंट असतात, त्यांचे गाईड असतात, आणि दवाखाना सांभाळून लिहू पाहणारे डॉक्टरही असतात. थिसिस आम्ही लिहून देत नाही आणि पेपर ‘छापून आणून’ देत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण चौकशी त्याचीच जास्त होते.

दुसरी नेहमीची चौकशी अशी: “चांगल्या इम्पॅक्टचं जर्नल सांगा.” त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे पत्रक. उदाहरणं इम्युनॉलॉजीची (रोगप्रतिकारशास्त्राची) घेतली आहेत. सध्या मेडिसिन, पेडिॲट्रिक्स, स्किन, पॅथॉलॉजी अशा सगळ्याच विभागांतून या विषयावर सिनॉप्सिस (थिसिसचे आराखडे) येऊ लागल्या आहेत.

इम्पॅक्ट फॅक्टर कसा काढतात

जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती वेळा संदर्भ येतो, तो आकडा म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर. संदर्भांची सूची करण्याची कल्पना युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली मांडली. हा आकडा देणारा जर्नलांचा वार्षिक अहवाल १९७५ पासून निघू लागला. आता तो क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जूनमध्ये काढते. कोणती जर्नलं सूचीत घ्यायची, ग्रंथालयाने कोणती मागवायची, हे ठरवायला हा आकडा कामाचा होता. माणसाची बढती त्यावर ठरवण्याची रीत नंतर पडली.

हिशेब सोपा आहे. समजा, एका जर्नलने २०२३ आणि २०२४ मिळून २०० लेख छापले. त्या दोन वर्षांतल्या मजकुराचा २०२५ मध्ये जगभरच्या लेखांत ९०० वेळा संदर्भ आला. ९०० भागिले २०० म्हणजे ४.५. हा त्या जर्नलचा २०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर, आणि तो जाहीर होणार २०२६ च्या जूनमध्ये. यात एक मेख आहे. संपादकीयं आणि वाचकांची पत्रं छेदात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेले संदर्भ अंशात येतात. असा मजकूर भरपूर छापणाऱ्या जर्नलचा आकडा त्यामुळे थोडा फुगतो.

ही शेवटी सरासरीच. मार्केट यार्डात गुळाचा आजचा सरासरी दर काय निघाला, यावरून तुमच्या रव्याला (ढेपेला) काय मिळेल ते कळत नाही. इथेही तसंच: मूठभर लेख, त्यातही रिव्ह्यू (आधीच्या कामाचे आढावे), संदर्भांचा मोठा वाटा घेऊन जातात आणि बरेचसे लेख सरासरीच्या खालीच राहतात. इम्युनॉलॉजीच्या यादीत वरती दिसणारी ‘नेचर रिव्ह्यूज इम्युनॉलॉजी’ किंवा ‘ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ इम्युनॉलॉजी’ ही रिव्ह्यूंची जर्नलं आहेत, आणि तिथले लेख मुख्यतः आमंत्रणावरून लिहिले जातात. साठ पेशंटांचा तुमचा अभ्यास तिथे पाठवण्याचा प्रश्नच येत नाही. यादी वरून खाली वाचत जाण्यात अर्थ नाही, तो यामुळे.

आकडा किती हलतो त्याचा नमुना ‘लॅन्सेट’मध्ये दिसतो. २०२० साली ७९ च्या आसपास असलेला त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २०२१ मध्ये २०२ च्या वर गेला, २०२२ मध्ये १६८.९ झाला आणि २०२३ मध्ये ९८.४ वर आला. संपादक तेच, दर्जाही तोच. कोविडच्या लेखांचे संदर्भ आले आणि ओसरले. त्या लाटेत इम्युनॉलॉजीच्या अनेक जर्नलांचंही असंच झालं. म्हणून जर्नलचा एकाच वर्षाचा आकडा पाहू नका, निदान पाच वर्षांचे शेजारी शेजारी ठेवून पाहा.

उलट उदाहरणही आहे. रोगप्रतिकार यंत्रणेला आवर घालणाऱ्या टी-पेशींवरचा शिमोन साकागुची यांचा मूळ पेपर १९९५ साली ‘जर्नल ऑफ इम्युनॉलॉजी’मध्ये आला. हे जर्नल जुनं, मानाचं; पण इम्पॅक्टच्या चकचकीत यादीत ते वर नसतं. त्याच कामासाठी साकागुची यांना मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत २०२५ चं नोबेल मिळालं. मध्ये तीस वर्षं गेली. दोन वर्षांच्या खिडकीतून मोजणाऱ्या आकड्याला असं काम दिसणार तरी कसं?

बाकीच्या मापांबद्दल थोडक्यात. साइटस्कोर हे स्कोपस या लेखसूचीचं माप चार वर्षांचं असतं, त्यामुळे एकाच जर्नलचे दोन आकडे वेगळे दिसतात आणि वेबसाइटवर अर्थातच मोठा तो ठळक छापतात. एच-इंडेक्स (किमान दहा वेळा संदर्भ आलेले दहा लेख असतील तर दहा) हॉर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. तो जर्नलपेक्षा माणसाला लावतात. वय आणि विषय वेगळे असतील तर त्यावरून दोन डॉक्टरांची तुलना करू नये.

सध्या काय लिहिलं जातंय, आणि इथून काय जमेल

कार-टी उपचार (पेशंटच्याच टी-पेशी बदलून आजाराविरुद्ध परत देणं) हा आजचा सर्वांत गाजणारा विषय. सुरुवात रक्ताच्या कॅन्सरपासून झाली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये भारतात परवानगी मिळाली. दरम्यान जर्मनीत एर्लांगनच्या गटाने हाच उपचार ल्युपसच्या (प्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या) पेशंटांना दिला: २०२१ मध्ये एका पेशंटचा वृत्तांत, २०२२ मध्ये पाच, २०२४ मध्ये ल्युपस आणि तशाच इतर आजारांचे मिळून पंधरा. आकडे बघा. पाच पेशंटांचा पेपर ‘नेचर मेडिसिन’ने छापला, कारण प्रश्न नवा होता. हे वाचून कुणी ‘ल्युपसमधील कार-टी’ असा विषय घेऊन आलं, तर आम्ही आधी पेशंट कुठून आणणार ते विचारतो. जिल्ह्याच्या ठिकाणी तो रिव्ह्यूचा विषय होईल, थिसिसचा नाही.

इथे बसून करता येईल असं काम दुसरीकडे आहे, आणि ते कमी नाही.

लहान मुलांमधले जन्मजात प्रतिकारदोष घ्या. १९५२ साली ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाचा वृत्तांत लिहिला: पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग, आणि रक्तात गॅमा ग्लोब्युलिन (प्रतिपिंडं) नाही. पेशंट एकच होता. त्या दोषाचा जनुक १९९३ मध्ये सापडला, त्याला ब्रुटन यांचंच नाव मिळालं, आणि त्या जनुकाच्या एन्झाइमला रोखणारं औषध आज रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या २०२२ च्या वर्गीकरणात असे ४८५ दोष होते. आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होतं, त्यामुळे आईवडील दोघांकडून जनुक आल्यावर दिसणारे दोष इथल्या ओपीडीत येण्याची शक्यता जास्त. शिवाय आपल्याकडे जन्मतःच बीसीजी देतात. प्रतिकारशक्तीचा गंभीर दोष असलेल्या बाळात ती लस अंगभर पसरू शकते. ज्या देशांत बीसीजी सरसकट देत नाहीत, तिथल्या डॉक्टरांना हे चित्र क्वचितच दिसतं. काखेतली गाठ, बीसीजीची न भरणारी जखम, घरात आधी दगावलेलं मूल, रक्तातले घटलेले लिम्फोसाइट, अशी नीट नोंदलेली एक केससुद्धा परदेशी संपादक लक्ष देऊन वाचतो. पुढच्या तपासण्यांसाठी मुंबईत आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे.

दुसरा विषय टीबी आणि बायोलॉजिक औषधांचा (जिवंत पेशींत बनवलेली, प्रतिकार यंत्रणेला आवरणारी औषधं). त्यांपैकी इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत टीबी उफाळतो, हे २००१ मध्ये ७० पेशंटांच्या नोंदींवरून पुढे आलं. आपल्याकडे सुप्त टीबी घरोघरी, त्यातच या औषधांच्या स्वस्त प्रती बाजारात आल्यामुळे संधिवाताच्या आणि सोरायसिसच्या पेशंटांत त्यांचा वापर वाढतो आहे. औषध सुरू करण्याआधी मॉन्टू (त्वचेवरची) आणि इग्रा (रक्ताची) या टीबीच्या दोन तपासण्यांचे निकाल किती जुळतात, बीसीजीमुळे मॉन्टू किती फसवते, हे तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत गोळा होण्याजोगं आहे. आमचं मत विचाराल तर नुसत्या ‘एएनए पॅटर्न’च्या थिसिसपेक्षा हा विषय कितीतरी उजवा.

एएनए (स्वतःच्याच पेशीकेंद्राविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) करायचंच असेल तर टायटर (रक्त किती पातळ केल्यावरही तपासणी पॉझिटिव्ह येते ते प्रमाण) लिहा. ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत १:८० हा प्रवेशाचा उंबरठा आहे. मास्टर चार्टमध्ये नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहून आणलं तर पुढे आम्हीही काही करू शकत नाही. तपासणी एचईपी-२ पेशींवर झाली की एलायझाने, हाही रकाना हवा.

कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीचे पेशंट आता पुण्या-मुंबईहून औषध घेऊन इथल्या फिजिशियनकडे थायरॉईड, जुलाब किंवा सांधेदुखी घेऊन येतात. या औषधांच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. या औषधांचे दुष्परिणाम मात्र गावच्या डॉक्टरलाच निस्तरावे लागतात. त्यावर केस सिरीज होऊ शकते.

काही जण ‘संशोधनाचे कल’ हाच विषय मागतात: पेशंट नको, एथिक्सची कटकट कमी, व्हॉसव्ह्यूअरवर रंगीत नकाशा काढला की झालं. लायडन विद्यापीठाचं हे सॉफ्टवेअर फुकट आणि चांगलं आहे. पण ‘एसएलई’ आणि ‘सिस्टेमिक ल्युपस’ हे शब्द आधी एकत्र केले नाहीत, तर नकाशात एकाच आजाराचे दोन ठिपके उमटतात. तसंच ‘प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी’ला अलीकडे ‘इनबॉर्न एरर्स ऑफ इम्युनिटी’ म्हणतात. फक्त नवं नाव टाकून शोधलं की विषय काल जन्मल्यासारखा दिसतो, आणि ‘झपाट्याने वाढणारे क्षेत्र’ असा निष्कर्ष आयता निघतो. असं काम आम्ही घेतो, पण शोधाचे शब्द गाईडनी सही करून दिल्यावरच.

मेल आली की

“एस्टीम्ड डॉक्टर, ग्रीटिंग्ज ऑफ द डे” अशी पेपर मागणाऱ्या मेलची सुरुवात. तुमच्या “अमूल्य” पेपरची स्तुती. तो पेपर असतो दातांवरचा आणि तुम्ही असता बालरोगतज्ज्ञ. स्वीकृती ४८ तासांत. इम्पॅक्ट फॅक्टर ७.८४६. शुल्क डॉलरमध्ये, सणाची सूट. आता एकेक ओळ घ्या. प्रामाणिक पीअर रिव्ह्यू (तज्ज्ञांकडून तपासणी) ४८ तासांत होत नाही. क्लॅरिव्हेट २०२३ पासून इम्पॅक्ट फॅक्टर एकाच दशांश स्थळापर्यंत देतं, त्यामुळे तीन स्थळांचा ‘ताजा’ आकडा दुसऱ्याच कुणीतरी काढलेला आहे. नावात ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ असलेले असे नकली आकडे विकणारे पुष्कळ आहेत.

पबमेडचंही (वैद्यकीय लेख शोधायच्या मोफत साइटचंही) नीट समजून घ्या. पबमेडमध्ये लेख दिसला म्हणजे जर्नल मेडलाइनमध्ये (निवडक जर्नलांच्या सूचीत) आहे असं होत नाही. एनएलएमचा (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा) कॅटलॉग उघडा, जर्नलचा आयएसएसएन (ओळख क्रमांक) टाका आणि सध्या मेडलाइनसाठी सूचीबद्ध आहे का ती ओळ वाचा. स्कोपसच्या यादीत जर्नल आत असलं तरी त्याचं कव्हरेज कोणत्या वर्षापर्यंत आहे ते पाहा. काढून टाकलेली जर्नलं वेबसाइटवर जुना शिक्का तसाच ठेवतात. वेबसाइटचा पत्ताही कॅटलॉगमधूनच घ्या, कारण चांगल्या जर्नलांची हुबेहूब बनावट पानं निघालेली आहेत. आणि नाव मोठं म्हणून निर्धास्त राहू नका: २०२३ या एकाच वर्षात हिंदावी या प्रकाशकाच्या जर्नलांतून आठ हजारांहून जास्त लेख मागे घेतले गेले.

यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. वैद्यकीय शिक्षकांचे निकष राष्ट्रीय वैद्यक आयोग ठरवतो आणि ते बदलत असतात. पेपर पाठवण्याआधी कॉलेजच्या आस्थापना विभागातून चालू नियमाची प्रत घ्या. आमच्या किंवा सीनियरच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

पैशांचं म्हणाल तर मोठ्या ओपन ॲक्सेस जर्नलांत शुल्क दोन-तीन हजार डॉलर, कधी त्याहूनही जास्त असतं, आणि बहुतेक प्रकाशकांच्या सरसकट माफीच्या यादीत भारत नसतो. वर्गणीवर चालणाऱ्या पुष्कळ जर्नलांत छापायला काहीच पडत नाही, फक्त वेळ लागतो. वाचायची सोय मात्र सुधारली आहे: जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेत सरकारी संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नलं मिळतात. सीपीआर रुग्णालयाला जोडलेल्या शासकीय महाविद्यालयातल्या रेसिडेंटनी आमच्याकडे लेख विकत मागण्याआधी ग्रंथालयात विचारावं.

आमच्याकडे येताना

मास्टर चार्ट एक्सेलमध्ये आणा, पेशंटची नावं आणि आयपीडी नंबर काढून. एथिक्स कमिटीचं पत्र लागेलच. ट्रायल असेल तर सीटीआरआयचा (ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीचा) नंबर हवा. एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंदणी करावी लागते, नंतर होत नाही. मंजूर सिनॉप्सिस आणि प्रोफॉर्मा सोबत असू द्या. तुमच्या पेपरसारखे आणि तुम्ही खरोखर वाचलेले चार-पाच लेख कोणत्या जर्नलांत आले ते लिहून आणलंत, तर जर्नल निवडायचं निम्मं काम तिथेच होतं, कारण तुमचे वाचकही त्याच जर्नलांत असतात.

लेखकांच्या यादीत ज्यांनी काम केलं तीच नावं येतील. विभागप्रमुख सरांचं किंवा मॅडमचं नाव घालायचं की नाही, हा तुमच्या विभागाचा प्रश्न. पण जर्नलच्या फॉर्मवर प्रत्येकाचा वाटा लिहावा लागतो, तो रकाना आम्ही कल्पनेने भरत नाही. मजकुरातली उचल दहा टक्क्यांच्या आत असेल तर यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दंड नाही. जास्त निघाली तर कोणतं वाक्य कुठून आलं ते खुणा करून परत देऊ, शब्द फिरवून टक्का खाली आणून देणार नाही.

दरपत्रक काउंटरवर आहे. विद्यापीठात थिसिस जमा करायच्या आधीच्या आठवड्यात बायंडिंगची गर्दी असते, तेव्हा स्टॅट्सचं नवं काम आम्ही घेत नाही.