दोघांचं भांडण, तिसऱ्याची साखर

मूल सारखं आजारी पडतं, औषधाला गुण येत नाही, आणि मग सल्ले सुरू होतात: डॉक्टर बदला, पत्रिका दाखवा, घराचं दार कुठल्या दिशेला आहे ते बघा. घरातल्या दोन माणसांचं एकमेकांशी काय बिनसलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. ‘आम्ही मुलांसमोर भांडत नाही’ म्हटलं की विषय मिटतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात १९७०च्या दशकात तो मिटला नाही, कारण तिथे तो थेट रक्तात मोजला गेला.

तिथल्या डॉक्टरांना काही मधुमेही मुलांचं कोडं पडलं होतं. रक्तात कीटोन, म्हणजे चरबीपासून बनणारी आम्लधर्मी द्रव्यं, साठून ही मुलं पुन्हा पुन्हा इस्पितळात यायची. वॉर्डात इन्शुलिन व्यवस्थित लागू पडायचं. घरी गेली की पुन्हा तेच. मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुशिन आणि बालरोगतज्ज्ञ लेस्टर बेकर यांनी मग अख्खं घरच बोलावून घेतलं. सगळ्यांच्या शिरेत सुई बसवलेली, ठरावीक वेळाने रक्त घ्यायचं. आईवडिलांनी एका खोलीत आपल्या न सुटलेल्या वादावर बोलायचं, मुलांनी ते एकमार्गी काचेमागून पाहायचं. थोड्या वेळाने मुलांनाही आत बोलवायचं. रक्तात मोजायची ती मुक्त मेदाम्लं, म्हणजे चरबी फुटून सुटणारी आम्लं.

मेदाम्लंच का? इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. भावना उसळली की ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरकं सुटतात. ती मेदपेशीवरच्या बीटा ग्राहकांना (संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या रेणूंना) चिकटतात, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्यातून लायपेज हे चरबी फोडणारं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि साठवलेली चरबी फुटून मेदाम्लं रक्तात उतरतात. तिथे ती काही मिनिटंच टिकतात, म्हणून त्यांची पातळी मनातल्या खळबळीमागोमाग वर-खाली होते. निरोगी शरीरात इन्शुलिन या लायपेजला आवरून धरतं आणि गरज पडली की वाढतंही. मधुमेही मुलाला टोचलेला डोस असा आपणहून वाढत नाही. सुटलेली मेदाम्लं यकृतात जातात, तिथे त्यांचे कीटोन बनतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. भांडणापासून अतिदक्षता विभागापर्यंतची वाट अशी पायरी-पायरीने दाखवता येते. बेकर यांनी बीटा ग्राहक अडवणारी औषधंही काही मुलांना देऊन पाहिली होती.

एका घरातल्या दोन बहिणी, १७ आणि १२ वर्षांच्या, दोघीही मधुमेही. काचेमागे बसल्या बसल्याच दोघींची मेदाम्लं चढली, थोरलीची जास्त. आत आल्यावर आईने तिलाच आपल्या बाजूला ओढलं, वडिलांनीही तिलाच. धाकटी सुटली. आईवडिलांची पातळी उतरत गेली. थोरलीची मात्र, सगळं बोलणं संपल्यावरही, चढलेलीच राहिली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण या घरात तिसरीच्या वाट्याला दोघांचा ताण आला. फॅमिली थेरपी, म्हणजे अख्ख्या कुटुंबावर मिळून करायचे मानसोपचार, यातले एक आद्य तज्ज्ञ मरे बोवेन यांनी या रचनेला त्रिकोण म्हटलं आहे.

पण सतराव्या वर्षीच का? कुटुंबाच्या अभ्यासक एव्हलिन डुवाल यांनी १९५७ साली कुटुंबाचं आयुष्य आठ टप्प्यांत मांडलं आणि टप्पा ओळखायला थोरल्या अपत्याचं वय धरलं. फॅमिली थेरपिस्ट बेटी कार्टर आणि मोनिका मॅक्गोल्ड्रिक यांनी १९८०मध्ये त्याचे सहा टप्पे केले. याच क्षेत्रातले जे हेली यांचं म्हणणं असं की घर एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना अडखळलं की कुणातरी एकाचं दुखणं वर येतं. पोरगी घराबाहेर पडायच्या वयाची झाली. ती गेली की मधे कुणी नाही, नवराबायको समोरासमोर. तिचं आजारपण हा प्रसंग पुढे ढकलतं, आणि हे कुणी ठरवून करत नाही. कार्टर-मॅक्गोल्ड्रिक यांची सुरुवात एकट्या तरुणाने घर सोडण्यापासून होते. जिथे मुलगा घरातच राहतो आणि सून आत येते, तिथे हे टप्पे जसेच्या तसे लावण्यात अर्थ नाही.

आणखी एक. भांडणामुळे हा मधुमेह होत नाही. त्यात रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. मिनुशिन यांनी तपासलेली कुटुंबं थोडीच होती, आणि १९८०च्या दशकात त्यांच्या निष्कर्षांवर कडक टीका झाली. फॅमिली थेरपीचा आरंभीचा उत्साह तर काही ठिकाणी चक्क क्रूर होता. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचं खापर त्या काळी आईच्या वागण्यावर फोडलं गेलं. पुरावा नव्हता, तरी कित्येक आया तो ठपका घेऊन जगल्या. ग्रहांना दोष देण्यापेक्षा हे फारसं शास्त्रीय म्हणता येणार नाही.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात पुढे उलटी वाट धरली गेली. जेवण तोडणाऱ्या, म्हणजे ॲनोरेक्सिया झालेल्या मुलींच्या घरात दोषी शोधायचा नाही. आईवडिलांनाच एकत्र बसवून मुलीला जेवू घालायची जबाबदारी द्यायची. १९८७मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लहान वयात सुरू झालेल्या आणि तीन वर्षांहून कमी जुन्या आजारात, या पद्धतीने एकट्या रुग्णावर केलेल्या उपचारापेक्षा चांगला गुण आला.