ट्रायलोबाइट: मेलेला प्राणी की टाकलेली कात?

अमेरिकेत युटामधल्या डेल्टा गावाच्या पश्चिमेला हाउस रेंज डोंगर आहेत. तिथल्या व्हीलर शेल खडकाच्या खाणीत पैसे भरून कुणालाही हातोडी चालवता येते. शेलचे थर उलगडले की सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा एल्राथिया किंगी हा ट्रायलोबाइट, म्हणजे समुद्रात राहणारा, आता नामशेष झालेला कवचधारी प्राणी, जीवाश्मरूपात हाती लागतो. नवा संग्राहक त्याला 'अख्खा प्राणी' म्हणून डबीत ठेवतो. पुष्कळदा ती असते नुसती कात.

ट्रायलोबाइटचं कवच कॅल्साइट या खनिजाचं, टणक. खेकड्याप्रमाणे त्यालाही वाढण्यासाठी जुनं कवच टाकावं लागे. एकच प्राणी आयुष्यात अनेक काती टाकी, मरे मात्र एकदाच. म्हणून काती जास्त सापडणार हे उघड आहे.

ओळखायचं कसं? आधी डोकं पाहा. एल्राथियाच्या डोक्यावर दोन्ही डोळ्यांलगत एकेक शिवण असते. कात टाकताना या शिवणी उकलत, दोन्ही गाल सुटून पडत आणि प्राणी पुढच्या बाजूने बाहेर सरके. त्यामुळे धड-शेपूट जागच्या जागी, पण गाल गायब आणि डोकं अरुंद दिसत असेल, तर ती बहुधा कात. गाल जिथल्या तिथे घट्ट असतील, तर प्राणीच असण्याचा संभव जास्त.

ही खूण सगळीकडे चालत नाही. न्यूयॉर्क राज्यात हॅम्बर्गच्या पेन डिक्सी उद्यानात डेव्होनियन काळातला (सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा) एल्ड्रेजिऑप्स राना हा ट्रायलोबाइट मिळतो. त्याच्या प्रौढपणी गालांच्या शिवणी सांधलेल्या असतात, म्हणून कात टाकताना डोकं सबंधच सुटे. धडाजवळ, कधी उलटं पडलेलं डोकं दिसलं तर कातीचा विचार करावा. अंग मुडपून गोळा झालेला नमुना मात्र प्राण्याचाच. रिकाम्या कवचात अंग मुडपायला स्नायू कुठून येणार?

तरी एका नमुन्यावरून निकाल देऊ नये. मेलेला प्राणीही कुजून विस्कटतो, पाण्याच्या प्रवाहात त्याचे भाग इकडेतिकडे होतात. एकाच थरात तीच मांडणी पुन्हापुन्हा दिसली, तर कातीची बाजू भक्कम होते.

बाजारात कातीला दुय्यम मानतात, ते मला पटत नाही. जिवंत प्राण्याने नेमकं काय केलं, ते तीच दाखवते. दुसऱ्या नमुन्याचे गाल चिकटवून ती 'पूर्ण' केली की हा पुरावाच पुसला जातो. आपल्या डबीतल्या चिठ्ठीवर ठिकाण आणि थर यांच्यासोबत 'गाल नाहीत' एवढं जरूर लिहावं.

महाराष्ट्राचा बराचसा भाग व्यापणारा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर ट्रायलोबाइट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच संपले; म्हणून त्या खडकात ते मिळणार नाहीत. भारतात ते हिमाचल प्रदेशातल्या स्पितीच्या कँब्रियन (सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांत आहेत. इथला संग्राहक बहुधा विकतच घेणार, तेव्हा विक्रेत्याकडे डोक्याचा जवळून काढलेला फोटो मागावा आणि कुठे काय चिकटवलंय, रंगवलंय, हे पैसे देण्याआधी स्पष्ट विचारावं.