श्रीलंकेच्या झेंड्यातल्या दोन पट्ट्या

वानखेडेवर २०११ ची फायनल बघितलेल्यांना तो तलवारवाला सिंह आठवत असेलच. सिंहलींचा पूर्वज सिंहाच्या वंशातला, ही राजपुत्र विजयाची कथा बहुतेकांना माहितीये, त्यामुळे त्यात शिरत नाही. (बेटावर इतिहासकाळात जंगली सिंह नव्हताच, तो भाग वेगळा.)

खरी भानगड कडेच्या केशरी आणि हिरव्या पट्टीची आहे.

१८१५ मध्ये इंग्रजांनी बेटावरचं कँडीचं राज्य घेतलं आणि तिथला सिंहध्वज लंडनला गेला. पुढे तो तिथे सापडला, १८१५ ला शंभर वर्षं झाली तेव्हा त्याचं चित्र एका सिंहली पेपरात छापून आलं, आणि लोक हरखून गेले. गंमत म्हणजे कँडीचा शेवटचा राजा दक्षिण भारतातून आलेल्या नायक घराण्यातला, त्याला कैद करून वेल्लोरला ठेवलं आणि तो गेलाही तिथेच. म्हणजे आज जे निशाण सिंहलींचं म्हणून मिरवतात ते शेवटी ज्याच्या हातात होतं तो स्वतः सिंहली नव्हता.

जानेवारी १९४८ मध्ये हाच राष्ट्रध्वज करा असा ठराव मांडला एका मुस्लिम खासदाराने. तमिळ नेत्यांना ते पटलं नाही, आमची खूण कुठाय असा सरळ प्रश्न. ४ फेब्रुवारीला, स्वातंत्र्याच्या दिवशी, सिंह फडकला, पण वाद मिटेना म्हणून कमिटी बसली, आणि १९५० मध्ये तोडगा निघाला तो असा: सिंहाला हात लावायचा नाही, बाजूला तमिळांसाठी केशरी आणि मुस्लिमांसाठी हिरवी पट्टी जोडायची. आपल्याकडे केशरी म्हटलं की काहीजण ते बौद्ध भिक्खूंच्या चीवराशी जोडतात, इथे तसं नाहीये. २ मार्च १९५१ ला झेंडा मंजूर झाला, पण कमिटीतल्या एका तमिळ सिनेटरने विरोधी मत नोंदवलं. त्याचं म्हणणं साधं होतं, पट्ट्या सिंहाच्या चौकटीबाहेर आहेत, म्हणजे आम्ही घरात नाही, ओसरीवर. मला विचाराल तर झेंडा बघून हे खोडणं अवघड आहे, कारण सिंहाचं तोंड आणि तलवार दोन्ही नेमके त्या पट्ट्यांकडेच वळलेत. झेंड्याची बाजू घेणारे म्हणतात सिंह काठीकडे बघतो, झेंड्यांवर प्राणी तसाच असतो, पट्ट्या काठीला लागून आल्या त्याला काय करणार. तेही खरंच आहे म्हणा.

१९७२ मध्ये सिलोनचं श्रीलंका झालं, नव्या घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळालं आणि त्याच सुमारास सिंहाच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांत पिंपळपानं आली. मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या आनंदात आनंद), उपेक्षा (म्हणजे इथे समभाव) असा त्यांचा अर्थ सांगतात, सुंदरच आहे, पण हे चारही गुण परत चौकटीच्या आतच.

अलीकडे तर काही कडव्या गटांच्या मोर्च्यांत दोन्ही पट्ट्या काढून टाकलेला, नुसता सिंहाचा झेंडा दिसतो.