नावातले सत्तर

अमेरिकी सैन्याने १८७३ साली एक काडतूस स्वीकारले. त्याचे नाव .४५-७०. पहिला आकडा नळीच्या व्यासाचा, ०.४५ इंच, म्हणजे जवळपास साडेअकरा मिलिमीटर. दुसरा आकडा दारूचा, ७० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून किंचित जास्त. थोडक्यात, नावातच कृती सांगितली आहे. घोळ एवढाच, की ती कृती काळ्या दारूची आहे.

अमेरिकेत आजही अनेक नेमबाज झाडलेल्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. दारूला ठिणगी देणारी जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. (आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करता येत नाही.) या काडतुसासाठी दारूच्या मापांचे तक्ते असलेली पुस्तके उघडली की नवखा माणूस चक्रावतो. काडतूस एकच, पण तक्ते तीन! आणि तिसऱ्या तक्त्यातले माप, पहिला तक्ता ज्या रायफलीसाठी आहे तिच्यात वापरले तर ती फुटू शकते.

सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त ऐवज वायू न होता धूर आणि काजळी होऊन उरतो. शिवाय भोवतीचा दाब वाढला म्हणून ती फारशी घाई करत नाही. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू केली. ती जवळजवळ सगळी वायू होते, आणि दाब वाढेल तशी अधिक वेगाने जळते. वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. त्यामुळे चिमूटभर जास्त घातल्याचा परिणाम चिमूटभर राहत नाही. ही दारू ‘नावात ७० आहे ना’ म्हणून ७० ग्रेन घातली, तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

आता रायफल बघू. १८७३ च्या स्प्रिंगफिल्ड रायफलीत नळीच्या मागचा ठोकळा बिजागरीवर वर उघडतो, तळघराच्या झडपेसारखा. म्हणून तिला ‘ट्रॅपडोअर’च म्हणतात. पोलाद त्या काळचे, खिट्टी छोटी. या काडतुसासाठी दाबाची अधिकृत कमाल मर्यादा २८,००० पीएसआय (दर चौरस इंचावर तितके पौंड) आहे, ती या जुन्या रायफली वापरात आहेत म्हणूनच. गाडीच्या टायरमध्ये आपण ३०-३२ भरतो! पुढच्या काळातल्या मजबूत लिव्हर रायफलींसाठीचा (या खालचा दांडा ओढून भरतात) तक्ता साधारण ४०,००० पर्यंत जातो आणि रुगर नंबर वन या एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या भक्कम रायफलीसाठीचा ५०,००० च्या आसपास. पुंगळी तिन्हींत सहज बसते. धोका नेमका इथेच.

‘जपून वाढवत जाऊ, दाब जास्त झाला की खुणा दिसतील,’ असे म्हणणारे भेटतात. टोपी चपटी होणे, पुंगळी अडकणे या त्या खुणा. पण आजचे पितळ चांगले मजबूत असते. या खुणा सहसा आधुनिक रायफलींच्या दाबाजवळ पोचल्यावर उमटतात. तोवर ट्रॅपडोअरची मर्यादा केव्हाच मागे पडलेली असते. म्हणजे इशारा द्यायला बसवलेला पहारेकरी धन्यापेक्षा धडधाकट. माझ्या मते या विषयातली सगळ्यात फसवी गोष्ट हीच.

जुन्या पुस्तकांतले आकडेही जपून वाचावे लागतात. पूर्वी दाब मोजायला नळीला भोक पाडून त्यात दट्ट्या बसवत, त्याच्यावर तांब्याचा छोटा दंडगोल ठेवत आणि तो किती चेपला ते मोजत. तांबे चेपायला वेळ लागतो, दाबाचे टोक मात्र क्षणात येऊन जाते, म्हणून तांबे ते कमीच दाखवते. आताचे क्वार्ट्झचे संवेदक ते टोक पकडतात. .३०-०६ या काडतुसासाठी तांब्याच्या मापाने ५०,००० हा आकडा संवेदकाच्या मापाने ६०,००० होतो. .४५-७० च्या कमी दाबाला दोन्ही मापे २८,००० वरच जुळतात, आणि वाचणारा गाफील राहतो.

हिंदुस्थानात शिकारीला आलेल्या इंग्रजांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात होता. काळ्या दारूच्या जुन्या रायफलींसाठी कारखाने बिनधुराच्या दारूची पण कमी दाबाची ‘नायट्रो फॉर ब्लॅक’ काडतुसे बनवत. कॉर्डाइट ही इंग्रजांची बिनधुराची दारू उन्हाने तापली की दाब चढे, म्हणून उष्ण देशांसाठी माप कमी ठेवलेली काडतुसे वेगळी मिळत.

म्हणून तक्ता नवा, दारू बनवणाऱ्याचा आणि आपल्याच रायफलीच्या गटाचा हवा. गोळीचे वजन आणि प्रकारही तोच हवा. शिशाच्या गोळीचे माप तांब्याचे वेष्टण असलेल्या गोळीला लावायचे नाही. सुरुवात तक्त्यातल्या सर्वांत कमी मापापासून. आणि बिनधुराची दारू या प्रशस्त पुंगळीत बऱ्याचदा तळाशीच राहते, चुकून दोनदा घातली तरी मावते. म्हणून जाणकार माणूस गोळ्या बसवण्याआधी भरलेल्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करतो आणि टॉर्च घेऊन एकेकीत डोकावतो. एखादीतली पातळी शेजारणीपेक्षा वर दिसली, की ती सरळ ओतून पुन्हा तोलायला घेतो.