जावा बाइटकोड : कमांड लाइनवरून कंपाइल आणि रन

जावा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम थेट प्रोसेसरच्या भाषेत उतरत नाही. तो आधी बाइटकोड या मधल्या रूपात जातो आणि ते रूप जावा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे जेव्हीएम, चालवते. या दोन कामांसाठी जेडीके (जावा डेव्हलपमेंट किट) या संचात दोन वेगळी साधने असतात : कंपाइल करणारे ‘जावासी’ आणि रन करणारे ‘जावा’. दोन्ही टर्मिनलवर किंवा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर टाइप करून वापरतात. (कमांड, त्यांचे पर्याय आणि फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग प्रत्यक्षात रोमन लिपीत टाइप करायचा; येथे फक्त त्यांचे उच्चार दिले आहेत.) तयार झालेला बाइटकोड उघडून वाचायला ‘जावापी’ हे तिसरे साधन असते. आयडीईमध्ये, म्हणजे कोड लिहिण्यापासून चालवण्यापर्यंतची सोय एकत्र देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एक बटण दाबले की सगळे उरकते, पण मधली फाइल नजरेला पडत नाही. जावातल्या बऱ्याचशा गोंधळात टाकणाऱ्या एररचे मूळ नेमके त्या मधल्या फाइलपाशी असते. म्हणून नवशिक्याने सुरुवातीचे काही प्रोग्रॅम तरी हाताने कंपाइल करावेत.

इतिहास : ही कल्पना जावाच्या आधीची आहे. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बीसीपीएल भाषेसाठी ‘ओ-कोड’ हे मधले रूप वापरले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो शाखेत केनेथ बोल्स यांच्या पुढाकाराने तयार झालेले यूसीएसडी पास्कल ‘पी-कोड’वर चालत असे. त्या काळी प्रत्येक मायक्रोकॉम्प्युटरचा प्रोसेसर वेगळा असे. प्रत्येकासाठी नवा कंपायलर लिहिण्यापेक्षा पी-कोड वाचणारा छोटा इंटरप्रिटर लिहिणे कितीतरी सोपे होते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९१ साली सुरू झालेल्या ‘ग्रीन’ प्रकल्पापुढे हीच अडचण वेगळ्या रूपात आली. घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांतल्या चिप सारख्या बदलत होत्या. जेम्स गॉसलिंग यांनी त्यासाठी जी भाषा रचली तिचे पहिले नाव ‘ओक’ होते. मे १९९५ मध्ये ती ‘जावा’ या नावाने जाहीर झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये पहिले जेडीके आले. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यापासून जावा ओरॅकलकडे आहे.

कंपाइल करणे : बेरीज नावाचा क्लास ‘बेरीज.जावा’ या फाइलमध्ये लिहिला असे धरू. (जावामध्ये क्लास, मेथड आणि व्हेरिएबल यांची नावे देवनागरीत ठेवता येतात, काना-मात्रा-वेलांट्यांसकट.) कमांड अशी :

जावासी बेरीज.जावा

सगळे ठीक असेल तर स्क्रीनवर काहीच उमटत नाही. नुसता प्रॉम्प्ट परत येतो आणि फोल्डरमध्ये ‘बेरीज.क्लास’ ही नवी फाइल दिसते. एका सोर्स फाइलमध्ये तीन क्लास असतील तर तीन क्लास फाइली होतात. क्लासच्या पोटात क्लास असेल तर दोन्ही नावे डॉलरच्या चिन्हाने जोडलेली फाइल मिळते. क्लास फाइली सोर्सपासून वेगळ्या ठेवायला ‘-डी’ हा पर्याय देतात. दुसऱ्या कुणाची लायब्ररी लागत असेल तर ती कुठे आहे हे ‘-सीपी’ने, म्हणजे क्लासपाथने, सांगतात.

रन करणे : येथे बहुतेक जण एकदा तरी अडतात. कमांड ‘जावा बेरीज’ अशी आहे, ‘जावा बेरीज.क्लास’ अशी नाही. दुसरी दिली तर ‘कुड नॉट फाइंड ऑर लोड मेन क्लास’ हा संदेश येतो आणि फाइल समोर दिसत असताना ती सापडत नाही म्हणजे काय, हे कळत नाही. ‘जावा’ला हवे असते क्लासचे नाव, फाइलचे नव्हे. क्लासच्या नावात टिंब आले की त्याआधीचा भाग पॅकेज, म्हणजे क्लासचा गट, धरला जातो. म्हणून ‘बेरीज.क्लास’चा अर्थ ‘बेरीज’ या पॅकेजमधला ‘क्लास’ नावाचा क्लास असा घेतला जातो, आणि तसा क्लास अर्थातच नसतो. पॅकेज वापरले असेल तर पॅकेजच्या फोल्डरमध्ये न शिरता त्याच्या बाहेरच्या मूळ फोल्डरमध्ये उभे राहून पूर्ण नाव द्यावे लागते.

क्लासपाथमध्ये अनेक जागा लिहायच्या असतील तर लिनक्स आणि मॅकवर त्यांच्यामध्ये कोलन लागतो, विंडोजवर अर्धविराम. लिनक्सवरची कमांड विंडोजवर जशीच्या तशी चिकटवली की ती बंद पडण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. शिवाय क्लास गरज पडेल तेव्हाच लोड होतात. त्यामुळे एखादी लायब्ररी कंपाइल करताना क्लासपाथवर होती पण रन करताना राहून गेली, तर प्रोग्रॅम सुरू होतो, थोडा वेळ चालतो आणि त्या क्लासची पाळी आली की कोसळतो.

सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ पासून ‘जावा बेरीज.जावा’ अशी थेट सोर्स फाइल देऊनही रन करता येते. कंपाइल तेव्हाही होतेच, पण मेमरीत. डिस्कवर क्लास फाइल राहत नाही. एका फाइलच्या छोट्या कामासाठी ही सोय उत्तम आहे. शिकताना मात्र तिच्यामुळे मधली पायरी पुन्हा झाकली जाते.

क्लास फाइलच्या आत : प्रत्येक क्लास फाइलचे पहिले चार बाइट सारखेच असतात. सोळाच्या पायाच्या अंकपद्धतीत ते लिहिले की रोमन अक्षरांत ‘कॅफे बेब’ असे वाचता येते; ही खूण गॉसलिंग यांनीच ठरवली. पुढच्या चार बाइटांत आवृत्तीचे क्रमांक असतात. जावा ८ चा मुख्य क्रमांक ५२, ११ चा ५५, १७ चा ६१ आणि २१ चा ६५. म्हणजे जावाच्या आवृत्तीत ४४ मिळवायचे. जावा २१ ने कंपाइल केलेली फाइल जावा १७ वर चालवली की ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’ येते आणि संदेशात ६५ आणि ६१ हे आकडे दिसतात. ते ओळखता आले तर दोष कोडमध्ये शोधत बसावे लागत नाही. उपाय म्हणजे ‘--रिलीज १७’ हा पर्याय देऊन पुन्हा कंपाइल करणे. हा पर्याय फाइलवर जुना क्रमांक तर घालतोच, शिवाय जावा १७ मध्ये नसलेली मेथड वापरली असेल तर कंपाइल करतानाच अडवतो. उलट दिशेला सहसा अडचण नसते : नवी जेव्हीएम जुन्या क्लास फाइली चालवते.

आता खुद्द आज्ञा पाहू. बेरीज क्लासमध्ये अ आणि ब हे दोन पूर्णांक घेऊन त्यांची बेरीज परत करणारी एक स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्ट न बनवता चालणारी, मेथड आहे. ‘जावापी -सी बेरीज’ अशी कमांड दिली की त्या मेथडखाली चार ओळी दिसतात :

० : आयलोड_०
१ : आयलोड_१
२ : आयअ‍ॅड
३ : आयरिटर्न

जेव्हीएम स्टॅकवर काम करते, म्हणजे ताटांच्या चळतीप्रमाणे शेवटी ठेवलेले आधी निघते. पहिली आज्ञा अ ची किंमत स्टॅकवर ठेवते, दुसरी ब ची. तिसरी वरच्या दोन किमती उचलून त्यांच्या जागी बेरीज ठेवते, चौथी ती घेऊन परत जाते. डावीकडचे आकडे म्हणजे मेथडच्या सुरुवातीपासूनचे बाइटचे अंतर. प्रत्येक आज्ञा एकेका बाइटची आहे आणि फाइलमध्ये प्रत्यक्ष साठवलेल्या किमती २६, २७, ९६ आणि १७२ आहेत. सबंध मेथडचा कोड चार बाइटांत मावला. मेथड स्टॅटिक नसती तर शून्याच्या जागी ती ज्या ऑब्जेक्टवर चालते तो बसला असता आणि आज्ञा आयलोड_१, आयलोड_२ अशा दिसल्या असत्या. प्रोग्रॅममध्ये २ + ३ असे लिहिले तर बाइटकोडमध्ये बेरीज दिसतच नाही, थेट ५ दिसतो. याच्यापलीकडे जावासी फारशी काटकसर करत नाही. ते काम जेव्हीएमवर सोडलेले असते.

अ, ब ही नावे मात्र या यादीत नाहीत. ‘-जी’ हा पर्याय न देता कंपाइल केले तर ओळींचे क्रमांक फाइलमध्ये राहतात, लोकल व्हेरिएबलची नावे राहत नाहीत. नल पॉइंटर एक्सेप्शनच्या, म्हणजे रिकामा संदर्भ वापरल्यावर येणाऱ्या एररच्या, संदेशात कधी व्हेरिएबलच्या नावाऐवजी ‘लोकल१’ असे दिसते, ते यामुळे.

तपासणी आणि वेग : क्लास लोड होताना जेव्हीएम त्याचा बाइटकोड पडताळते. रिकाम्या स्टॅकवरून किंमत उचलली जात नाही ना, पूर्णांकाच्या जागी ऑब्जेक्ट येत नाही ना, उडी मेथडच्या बाहेर जात नाही ना, हे सगळे पाहिले जाते. ब्राउझरमध्ये अनोळखी ठिकाणाहून आलेला कोड चालवायचा, हा जावा जाहीर झाली तेव्हाचा एक मोठा उद्देश होता आणि ही पडताळणी मुख्यतः त्यासाठी होती. पुढे वारंवार चालणाऱ्या मेथड जेव्हीएम स्वतःच प्रोसेसरच्या भाषेत उतरवते. याला जेआयटी (जस्ट-इन-टाइम) कंपायलेशन म्हणतात. ‘जावा -एक्सइंट बेरीज’ अशी कमांड देऊन ते बंद करता येते. मोठे लूप असलेला प्रोग्रॅम दोन्ही प्रकारे चालवला की वेगातला फरक सहज जाणवतो.

देवनागरी मजकूर : मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून जावासी सोर्स फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे बाइटांत साठवणाऱ्या पद्धतीत, आहे असे गृहीत धरते. त्याआधी ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंगवर चाले. विंडोजवर विंडोज-१२५२ हे कोड पेज, म्हणजे एका बाइटला एक चिन्ह देणारा पश्चिम युरोपीय भाषांचा तक्ता, असेल, तर मराठी मजकुराचे दोन तऱ्हांनी नुकसान होई. प्रोग्रॅममध्ये ‘घर’ हा शब्द असेल तर कंपायलर चकार शब्द काढत नसे, पण दोन अक्षरांचे सहा बाइट सहा निरर्थक चिन्हे म्हणून फाइलमध्ये जात. ‘नमस्कार’ असेल तर मात्र ‘अनमॅपेबल कॅरेक्टर’ अशी तक्रार येई, कारण हलन्ताच्या तीन बाइटांपैकी शेवटचा १४१ आहे आणि त्या कोड पेजमध्ये १४१ ला कोणतेच चिन्ह नाही. जुन्या जेडीकेवर अजूनही काम करणाऱ्यांनी ‘जावासी -एनकोडिंग’ पर्यायाने यूटीएफ-८ सांगावे. त्यानंतरही स्क्रीनवर प्रश्नचिन्हे आली तर दोष कंपायलरचा की कमांड प्रॉम्प्टचा, हे ओळखायची सोपी खूण आहे : प्रोग्रॅममध्ये ‘घर’ या स्ट्रिंगची लांबी छापावी. २ आली तर बाइटकोड बरोबर आहे आणि अडचण दाखवण्याची आहे. ६ आली तर कंपाइल करतानाच बिघडले आहे.

इतर भाषा : पायथनही बाइटकोडच चालवते, पण कंपाइलची वेगळी कमांड सहसा द्यावी लागत नाही, इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलचा बाइटकोड ‘पायकॅश’ फोल्डरमध्ये साठतो आणि ‘डिस’ मॉड्यूलने वाचता येतो. ओकॅमलमध्ये ‘ओकॅमलसी’ आणि ‘ओकॅमलरन’ अशी जावासारखीच जोडी आहे. अँड्रॉइडवर जावाचा बाइटकोड तसाच चालत नाही. ‘डी८’ हे साधन क्लास फाइलींचे डेक्स स्वरूपात रूपांतर करते, आणि ते स्टॅकऐवजी रजिस्टरवर, म्हणजे क्रमांक दिलेल्या कप्प्यांवर, चालत असल्याने वरच्या मेथडमधल्या दोन लोड आणि एक बेरीज या तीन आज्ञांची तेथे एकच आज्ञा होते.