सनरूफचा आवाज

सनरूफचा आवाज म्हणजे गाडीच्या छतातल्या सरकत्या काचेच्या आसपासून येणारी कुरकुर, करकर, खडखड नाहीतर वाऱ्याची शिट्टी. हा आवाज थेट डोक्यावर होतो त्यामुळे बारीक असला तरी फार छळतो, आणि गाडी नवीन असेल तर माणूस जास्तच हैराण होतो. पण बऱ्याचदा मोडलेलं काहीच नसतं, रबर कोरडं पडलेलं असतं किंवा रेलमध्ये धूळ बसलेली असते. अशा वेळी पूर्ण असेंब्ली बदलायचा खर्च कोणी सांगितला तर लगेच हो म्हणू नये, आधी आवाज नक्की कुठला आहे ते शोधावं.

आवाज का होतो? छताचा पत्रा कापून तिथे एक फ्रेम बसवलेली असते, फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना रेल, रेलवर सरकणारी काच आणि काचेच्या कडेने रबराचं बीडिंग. सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प तिरका चढताना किंवा एकच चाक खड्ड्यात गेल्यावर गाडीची बॉडी किंचित पिळली जाते, काच मात्र ताठ असते, ती पिळत नाही. मग हा सगळा फरक बीडिंगला सोसावा लागतो. रबर गुळगुळीत असेल तर ते गुपचूप घसरतं, कोरडं असेल तर चिकटतं, सुटतं, परत चिकटतं, आणि ही कुरकुर ऐकू येते ती त्याचीच. पॅनोरॅमिक, म्हणजे छताचा बराचसा भाग व्यापणाऱ्या सनरूफमध्ये भोकही मोठं आणि बीडिंगही लांब, म्हणून तिथे ही तक्रार जास्त.

शोधायची पद्धत साधी आहे. गाडी कोणीतरी दुसऱ्याने हळू चालवायची, ज्या स्पीडब्रेकरवर आवाज येतो तिथूनच न्यायची आणि आपण आतून तळव्याने काच हलकेच वर दाबून धरायची. आवाज थांबला तर दोष बीडिंगचा किंवा काचेच्या बसण्याचा. मग काच मागून थोडी वर उचलून, म्हणजे टिल्ट करून तोच रस्ता परत घ्यायचा, कुरकुर गेली तर बीडिंग नक्की, तरीही खडखड चालूच असेल तर रेल बघायचे. आतला सरकता शेड, म्हणजे काचेखालचा ऊन अडवणारा पडदा, पूर्ण मागे घेऊनही एकदा ऐकावं कारण कित्येकदा आवाज काचेचा नसतोच, शेडच सैल असतो. आणि सगळ्यात आधी गॉगल ठेवायचा कप्पा आणि छतातला दिवा दाबून बघा, खडखड तिथूनही येते.

बीडिंगच असेल तर काच पूर्ण उघडायची, ओल्या मायक्रोफायबर कापडाला थोडा कार शाम्पू लावून रबर आणि रबर जिथे टेकतं ती पत्र्याची कडा दोन्ही पुसायच्या. काळा मळ निघतो, तो निघेपर्यंत पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. मग रबरासाठीचं सिलिकॉन ग्रीस बोटाने अगदी पातळ लावायचं, जास्तीचं कापडाने टिपून घ्यायचं. परदेशात बरेच जण गुमी फ्लेगे नावाचं जर्मन द्रव्य किंवा क्रायटॉक्स ग्रीस वापरतात, क्रायटॉक्स महाग पण टिकाऊ आहे. काही गाड्यांच्या बीडिंगवर मखमलीसारखी लव असते, तिथे कंपनीने सांगितलेलंच लावावं. सिलिकॉनचा स्प्रे असेल तर तो कापडावर मारून मग लावायचा, कारण पुढच्या काचेवर उडाला तर वायपर फिरले की धूसर पट्टे उमटतात आणि रात्री पावसात समोरचं दिसत नाही. व्हॅसलीन, इंजिन ऑइल, गंज सोडवायचा डब्ल्यूडी फोर्टी स्प्रे यातलं काही बीडिंगला लावू नका. हे रबर सहसा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराच्या जातीचं असतं, पेट्रोलियम तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं, म्हणजे आज आवाज जाईल पण उद्या बीडिंगच बदलावं लागेल.

रेलमध्ये जुनं ग्रीस धूळ खाऊन घट्ट झालेलं असतं. त्याच्यावरच नवीन ग्रीस थापलं तर धूळ आणखी चिकटते, म्हणून आधी जुनं पुसून काढायचं आणि मग गाडीच्या कंपनीचं रेलसाठीचं ग्रीस थोडंसं लावून काच तीनचार वेळा उघडबंद करायची. छताचं लायनिंग मात्र घरी खाली काढू नये, बऱ्याच गाड्यांत कडेने पडद्यासारखी एअरबॅग त्यातच असते.

वाऱ्याची शिट्टी हे वेगळं प्रकरण. काच बंद असताना वेग वाढला की शिट्टी येते तेव्हा काचेची उंची बघायची, बऱ्याच गाड्यांत काचेची पुढची कडा छताच्या बरोबरीत किंवा केसभर खाली आणि मागची कडा बरोबरीत किंवा केसभर वर असावी लागते. खात्री करायला काचेभोवतीच्या फटीवर मास्किंग टेप लावून एक चक्कर मारायची, शिट्टी गेली तर हवा तिथूनच घुसते. उंची बाजूच्या स्क्रूंनी जुळवता येते पण हे काम सवयीच्या हातानेच व्हावं, कारण जरा चुकलं की पाणी आत.

काच उघडी असताना कानावर दणके बसल्यासारखा धबधब दाब येतो त्यात बिघाड काहीच नसतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जसा आवाज घुमतो तसंच गाडीच्या आतल्या हवेचं होतं, याला हेल्महोल्ट्झ रेझोनन्स म्हणतात. मागची एखादी खिडकी थोडी खाली केली की थांबतं, किंवा काच थोडी कमी उघडायची, काही गाड्यांत म्हणूनच ती आधी थोडं अलीकडे थांबते. पुढच्या कडेला वर येणारी जाळी किंवा पट्टी असते, म्हणजे डिफ्लेक्टर, तो हाच दणका तोडण्यासाठी दिलेला असतो. मुलं सनरूफमधून उभी राहतात तेव्हा त्याच्यावर जोर येतो आणि तो वाकतो, आणि चालत्या गाडीत मुलांना असं उभं करणं जिवाशी खेळ आहे, ते करूच नये.

वळणावर छतातून पाण्याची खळखळ आली तर ती गंभीर समजा. बीडिंग सगळं पाणी अडवत नाही, थोडं पाणी आत येणं धरलेलंच असतं, ते फ्रेमच्या पन्हाळीत जमून कोपऱ्यातल्या नळ्यांनी खांबांमधून खाली जातं. नळी तुंबली की पाणी वर साठतं आणि मग लायनिंग, सीट, वायरिंग सगळं भिजतं. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी तर मे महिन्यातच पाला काढून प्रत्येक कोपऱ्यात कपभर पाणी हळूहळू ओतून बघावं, खाली चाकाजवळ ते गळलं पाहिजे. तुंबलं असेल तर मऊ नायलॉनची तार हळू सरकवायची, काँप्रेसरची हवा मारू नये कारण आतला जोड निसटू शकतो.

आपल्याकडे उन्हाळा रबर सुकवतो, विदर्भात तर पारा ४५ अंशांवर जातो, आणि पाठोपाठ पाऊस. म्हणून वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि पाऊस संपल्यावर बीडिंग पुसून ग्रीस लावणं पुरेसं. सनरूफ महिनोन्महिने बंद ठेवू नका, आठवड्यातून एकदा उघडबंद करा, रबर एकाच जागी चिकटून बसत नाही. बॅटरी काढून लावल्यावर काच अर्ध्यात थांबली किंवा नीट बसली नाही तर मोटर तिची जागा विसरलेली असते, बऱ्याच गाड्यांत बटण दाबून धरून ती परत शिकवता येते, मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते.

एवढं करूनही आवाज राहिला आणि गाडी वॉरंटीत असेल तर आवाजासकट मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि सर्व्हिस सेंटरच्या माणसाला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर न्या. उभ्या गाडीत हा आवाज येत नाही, मग जॉबकार्डवर तक्रार आढळली नाही एवढंच लिहिलं जातं.