बीपी नॉर्मल म्हणजे हार्टवर लोड नाही, असं नसतं

बीपी चेक केलं, १२०/८० आलं की आपण खूश. पण तो आकडा हार्ट आणि धमन्या दोघांनी मिळून काढलेला असतो, हार्टच दमलेलं असेल तर धमन्या कितीही कडक झाल्या तरी बीपी नॉर्मल दिसू शकतं, मग धमन्यांचा वाटा, म्हणजे हार्टला ज्याच्याविरुद्ध रक्त ढकलावं लागतं तो लोड, वेगळा कसा काढायचा ही भानगड खूप जुनी आहे.

इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचा एक पाद्री होता, त्याने घोडीला बांधून तिच्या मांडीतल्या धमनीत पितळेची नळी घातली आणि तिला उभी काचेची नळी जोडली, तर रक्त ८ फूट ३ इंच वर चढलं (वाचतानाच पोटात ढवळतं). १७३३ मध्ये त्याने हे छापलं. पण मला त्याची दुसरी गोष्ट जास्त भारी वाटते. त्या काळच्या आगीच्या बंबात हवेचा डबा असायचा, पंप थांबून थांबून पाणी ढकलतो पण डब्यातली दबलेली हवा मधल्या वेळात पाणी रेटत राहते म्हणून धार तुटत नाही, आणि धमन्याही तेच करतात असं हेल्सचं म्हणणं. जर्मनमध्ये त्या डब्याला विंडकेसल म्हणतात, १८९९ मध्ये ओट्टो फ्रांकने त्याचं गणित मांडलं: बारीक वाहिन्यांचा अडथळा आणि मोठ्या धमन्यांचा लवचीकपणा, बस दोनच गोष्टी.

त्याआधी १८७० च्या दशकात लंडनमध्ये फ्रेडरिक अकबर महोमेद मनगटावरच्या नाडीचा आलेख काढून त्याच्या आकारावरून प्रेशर ओळखत होता. हा पाटण्याहून गेलेल्या शेख दीन महोमेदचा नातू, ज्याने लंडनमध्ये १८१० मध्ये हिंदुस्तानी कॉफी हाउस काढलं तोच दीन महोमेद. पण १८९६ मध्ये रिवा-रोच्चीचा दंडाला बांधायचा पट्टा आला, १९०५ मध्ये कोरोत्कोवने स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची पद्धत दिली, आणि दोन आकडे मिळायला लागल्यावर नाडीचा आकार कोण बघतो!

आकार परत आला तो १९५० च्या दशकात. लंडनमध्ये मॅकडोनाल्ड आणि गणितवाला वोमर्सली यांनी धमनीतला प्रवाह एसी करंटसारखा धरला, म्हणजे नाडीची लहर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या साध्या लहरींत तोडली आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीला प्रेशर भागिले फ्लो (रक्ताचा प्रवाह), याला इम्पीडन्स म्हणतात. लोडचं सगळ्यात प्रामाणिक माप हेच, पण प्रेशर आणि फ्लो दोन्हीच्या लहरी एकाच वेळी लागतात आणि उत्तर म्हणून अख्खा ग्राफ हातात येतो, ओपीडीत कोण करणार?

म्हणून १९८३ मध्ये सुनागावा नावाच्या संशोधकाने आणि मंडळींनी एकच आकडा काढला, आर्टेरियल इलॅस्टन्स: ठोका संपतानाचं प्रेशर भागिले एका ठोक्यात बाहेर पडलेलं रक्त. वरचं बीपी १२० असेल तर त्याचं ०.९ पट म्हणजे १०८, भागिले ७० मिली, साधारण दीड (मिमी पारा प्रति मिली). हार्टचा इलॅस्टन्सही (ठोका संपताना हार्ट किती ताठ असतं ते) त्याच युनिटमध्ये निघतो, त्यामुळे दोघांची जोडी जमते का ते सरळ दिसतं. नाव इलॅस्टन्स असलं तरी त्यात धमन्यांच्या कडकपणापेक्षा बारीक वाहिन्यांचा अडथळा आणि हार्ट रेटच जास्त बोलतात, ही टीका मात्र रास्त आहे.